उत्तर : ‘वैमानिकाचीच चूक’ म्हटल्यावर पुढे काय?

नमस्कार. धावपट्टी लांब होती, हवा स्वच्छ होती, इंजिन ठणठणीत होतं, तरी उतरताना छोट्या विमानाने तीन उसळ्या घेतल्या आणि पुढचं चाक मोडलं. मग चूक वैमानिकाचीच, आणि या अपघातावरचा माझा लेख म्हणजे त्याची पाठराखण, असं तुमचं म्हणणं आहे.

एक मान्य. ‘पुढचं चाक नाजूक असतं’ या माझ्या वाक्यातून दोष चाकाचा असल्यासारखं वाटत होतं. उतरतानाचा भार मागच्या दोन चाकांनी घ्यायचा असतो, पुढचं त्यासाठी नसतंच. ते वाक्य बदललं आहे.

पण ‘त्याने नाक खाली दाबलं’ या तुमच्या उत्तरापाशी मी थांबणार नाही. का दाबलं? वेग जास्त होता. ६० नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ७० नॉटने आलात तर वेग एक षष्ठांशच वाढतो, पण जिरवायची ऊर्जा वाढते जवळपास ३६ टक्के. पंख अजून उचलून धरत असतात, त्यात जमिनीलगत हवेचा अवरोध कमी होतो, त्यामुळे विमान टेकता टेकत नाही. धावपट्टी सरत चाललेली दिसते आणि हात आपसूक पुढे जातो, म्हणजे नाक खाली दाबलं जातं. पुढचं चाक आधी आपटतं, नाक वर फेकलं जातं, विमान पुन्हा हवेत. वैमानिक सावरायला नाक दाबतो तोवर विमान स्वतःच खाली यायला लागलेलं असतं. त्याची प्रत्येक दुरुस्ती क्षणभर उशिरा पोचते, म्हणून दुसरी उसळी पहिलीपेक्षा वाईट आणि तिसरी त्याहून. आणि हा जादा वेग बेफिकिरीतूनच येतो असं नाही; स्टॉलच्या (वेग फार कमी झाला की पंख विमान उचलून धरू शकत नाहीत, त्याच्या) भीतीने ‘थोडा हाताशी असू दे’ म्हणूनही तो ठेवला जातो. त्या भीतीबद्दल बोलायचंच नाही का?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ नुसार अपघात-तपासाचा उद्देश पुढचे अपघात टाळणं हा असतो, दोष वाटणं नव्हे. मी त्याच बाजूचा आहे.

‘मग त्याने करायचं तरी काय होतं?’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. जोरात उसळी बसली की ते लँडिंग सोडून द्यायचं. थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पूर्ण पुढे, नाक स्थिर, गो-अराउंड, म्हणजे पुन्हा वर चढून नव्याने उतरायला येणं. मनाने आपण उतरलेलो असतो, म्हणून हे अवघड जातं. प्रशिक्षकाने शेजारी बसून पुन्हा पुन्हा करून घ्यायला हवं. फ्लॅपसुद्धा (उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली केलेल्या पट्ट्या) टप्प्याटप्प्यानेच वर घ्यायचे, एकदम घेतले तर विमान खाली बसतं.