शेपटीचा ग्राइंडर आणि बिनशेपटीचा

वर्कशॉपमधला जुना अँगल ग्राइंडर, म्हणजे फिरत्या डिस्कने धातू कापायचे आणि घासायचे अवजार, गेला, आणि तो नेमका कशाने गेला याविषयी कोणाच्याही मनात शंका उरू नये अशा वासाने गेला. आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळाल्याचा वास ज्याने एकदा घेतला आहे, त्याला निदान समजावून सांगावे लागत नाही. नवा घेणे भागच होते. परंतु ‘नवा घेऊ’ हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडताच वर्कशॉपमध्ये वायरवाले आणि बॅटरीवाले असे दोन पक्ष उभे राहिले, आणि दोन्ही पक्षांनी आपापला जाहीरनामा माझ्यासमोरच वाचायचा हट्ट धरला.

बॅटरीपक्षाची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. वायरचा जाच ज्याने भोगला आहे त्यालाच तो कळेल. ती टेबलाच्या पायात अडकते, शिकंज्याच्या दांड्यात अडकते, कापून ठेवलेल्या कोनपट्टीच्या धारदार कडेवरून ओढली जाते, आणि काहीच सापडले नाही तर स्वतःतच अडकते. डिस्क कापायच्या रेघेवर अलगद टेकवावी, ठिणग्यांचा फवारा सुरू व्हावा आणि नेमक्या त्याच क्षणी मागून कोणीतरी हलका हिसका द्यावा. वळून पाहावे तर मागे कोणी नसते, तो हिसका वायरचाच असतो. शिवाय त्या ठिणग्यांना जमिनीवर पडायला सारे वर्कशॉप मोकळे असताना त्या पडतात नेमक्या वायरवर. आमच्या जुन्या ग्राइंडरच्या वायरवर जळून पडलेले काळे ठिपके इतके होते, की मूळ रंग कोणता हा वादाचा विषय झाला होता.

एवढे सगळे मान्य करूनही मी कागद-पेन्सिल घेतली, आणि बॅटरीपक्षाला हेच आवडले नाही. १८ व्होल्टची आणि ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे गुणाकार करून ९० वॅट-तास. वायरचा लहान ग्राइंडर जोर लावून घासताना सहज ९०० वॅट ओढतो. तितकाच भार त्या बॅटरीवर सलग टाकला, तर हिशेबाने तिचे आयुष्य भरते ६ मिनिटे. बॅटरीच्या ग्राइंडरमधली ब्रशलेस (घासणारे कार्बन ब्रश नसलेली) मोटर वीज कमी वाया घालवते आणि कोणीही पूर्ण दाबाने सलग घासत बसत नाही, हे दोन्ही आक्षेप नोंदवून घेतले, तरी त्या सहाचे साठ होत नाहीत. चार नळ्या कापायच्या असतील तर हा हिशेब क्षुल्लक आहे. परंतु चौकटीच्या चारही कोपऱ्यांवरचे वेल्डिंगचे मणी, म्हणजे सांध्यावरचे उंचवटे, घासून सपाट करायचे असतील, तर काम कमी आणि चार्जरकडच्या फेऱ्या जास्त होतात.

‘मग १८ऐवजी २० व्होल्टचा घ्या,’ असे बॅटरीपक्षाच्या तरुण प्रवक्त्याने सुचवले. त्या २० आकड्याची गंमत अशी की दोन्ही बॅटऱ्यांच्या पोटात त्याच प्रकारचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे नाममात्र ३.६ व्होल्ट धरले की बेरीज होते १८, आणि चार्जरवरून नुकतेच उतरलेले, चार व्होल्टच्या थोडे वर गेलेले ताजेतवाने सेल मोजले की ती २०च्या पलीकडे जाते. म्हणजे फरक यंत्रात नसून, मोजणाऱ्याने ते दिवसाच्या कोणत्या प्रहरी मोजले यात आहे. प्रवक्त्याने यावर ‘तरीही’ एवढेच म्हटले आणि तो चहाचा कप विसळायला निघून गेला.

माझी खरी तक्रार मात्र ताकदीची नाहीच, थांबण्याच्या पद्धतीची आहे. वायरच्या ग्राइंडरवर भार जास्त झाला की तो कण्हतो. त्याचा वेग उतरतो, आवाज जाड होतो, हातातली थरथर बदलते, आणि ‘दाब कमी कर’ हा निरोप कानांना आणि मनगटांना एकदमच मिळतो. बॅटरीचा ग्राइंडर असली कुरकुर आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे मानतो. त्याच्यातले इलेक्ट्रॉनिक्स वेग टिकवून धरते, सगळे आलबेल असल्याचा भास शेवटपर्यंत राहतो, आणि मग बॅटरी तापली किंवा भार हाताबाहेर गेला की तो रुसलेल्या पाहुण्यासारखा एक शब्दही न बोलता उठून जातो. मणी अर्धा घासलेला, चष्म्यावर धूळ, आणि समोर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आहे. त्या लुकलुकण्याचा अर्थ पुस्तिकेत दिलेला असतो, आणि पुस्तिका ज्या खोक्यात असते ते खोके टाकून दिलेले असते.

एका गोष्टीत मात्र मी बॅटरीवाल्यापुढे हात टेकले, ती म्हणजे ब्रेक. १२५ मिलिमीटरची डिस्क मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिची कडा ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने पळत असते. साध्या वायरच्या ग्राइंडरचा खटका बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरत राहते, आणि तेवढा वेळ माणूस ते गुणगुणणारे अवजार हातात धरून, कुठे ठेवावे हे न सुचल्यामुळे, उगाचच गंभीर चेहऱ्याने उभा असतो. बॅटरीच्या बऱ्याच ग्राइंडरना असतो तसा ब्रेक असला की डिस्क चटकन थांबते. वायरच्या काही ग्राइंडरनाही तो मिळतो, हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला आणि बॅटरीपक्षाचा चेहरा पडला.

अखेर निकाल दिला तो असा. शिडीवर चढून किंवा फाटकापाशी जाऊन एखादा बोल्ट उडवायचा असेल त्यासाठी बॅटरीचा. कारण एक्स्टेंशनचे वेटोळे पूर्ण उलगडल्याशिवाय त्यावर भार टाकू नये, नाहीतर ते आतल्या आत तापते, आणि एका बोल्टसाठी ते सगळे वेटोळे उलगडून पुन्हा गुंडाळायला माझी तयारी नाही. टेबलावरच्या कामाला मात्र वायरचे, आणि तेही दोन. एकावर १ मिलिमीटर जाडीची कटिंग डिस्क कायमची, दुसऱ्यावर घासायची, सँडपेपरच्या पाकळ्यांची फ्लॅप डिस्क कायमची. म्हणजे ‘एवढ्याशासाठी कोण बदलत बसतो’ असे म्हणून कटिंग डिस्कच्या बाजूने घासण्याचा, ती फुटण्याला थेट आमंत्रण देणारा मोह कोणाला होणार नाही. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश झिजतील, पण ते बाहेरून बदलता येतात, आणि झिजताना ठिणग्या मारून आगाऊ सूचनाही देतात.

वायरच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नाही. डिस्क बदलायचा पाना आमच्याकडे प्लगजवळ वायरला चिकटपट्टीने बांधलेला असतो. तो हरवत नाही, आणि प्लग सॉकेटमधून उपसल्याशिवाय डिस्कपर्यंत पोहोचतही नाही. त्यामुळे वीज चालू ठेवून डिस्क बदलण्याचा पराक्रम इच्छा असूनही करता येत नाही. बॅटरीच्या ग्राइंडरला दांड्यात पाना ठेवायची खोबण आहे, परंतु तिथला पाना बॅटरी न काढताही हाती लागतो. यावर तोडगा म्हणून पाना दोरीने बॅटरीलाच बांधून लोंबता ठेवावा, असा ठराव बॅटरीपक्षाने मांडला आहे. दोरीची आणि फिरत्या डिस्कची गाठ घालून देणाऱ्या या ठरावाला मी अद्याप मंजुरी दिलेली नाही.