‘फळ्या बसवा’, बस, एवढंच?

लाकडी जहाजाच्या छोट्या प्रतिकृतीचं किट मागवलंय, त्यातल्या सूचनांच्या कागदावरची पायरी सातवी. इंग्रजीत तीन शब्द, मराठीत दोनच: फळ्या बसवा. खाली अंगठ्याच्या नखाएवढा एक फोटो. त्यात सगळ्या फळ्या बसलेल्या, घासलेल्या, एक फटसुद्धा नाही. आणि लगेच पायरी आठवी: डेकवर पिंपं लावा. पिंपांसाठी चार चित्रं दिलीत. चार! पिंप चिकटवायला मला दोन मिनिटं लागतात. जहाजाचं अख्खं अंग झाकायला दोन महिने गेले आणि अजून ते झालेलं नाही. त्या कामासाठी ह्या लोकांकडे दोन शब्द आहेत.

डोकं तापलंय आणि तापायलाच पाहिजे. मी सुतार आहे. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. आजा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बनवायचा, बाबा बंड्या, वखर, तिफणी बनवत आले, मी दारं, खिडक्या, दिवाण बनवतो. लाकूड मला परकं नाही. तरी ह्या डब्यानं माझा पूर्ण उन्हाळा खाल्ला. मग ज्यानं आयुष्यात रंधा हातात धरला नाही, अशा माणसाचं हे काय करत असतील?

झालं असं की पोरगी सहावीत आहे. शाळेच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात तिनं इंग्लंडचा दर्यावर्दी कॅप्टन कुक याच्या ‘एंडेव्हर’चं चित्र पाहिलं आणि ते जहाज तिच्या डोक्यात बसलं. 1764 साली इंग्लंडातल्या व्हिटबी गावात बांधलेलं, मूळचं कोळसा वाहायचं जहाज, तेव्हा नाव ‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’. 1768 मध्ये तिथल्या नौदलानं ते विकत घेतलं आणि नाव बदललं. 1770 च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ ते प्रवाळाच्या खडकावर चढलं, बुडाला भोक पडलं. तोफा पाण्यात टाकल्या, वजन हलकं केलं आणि दोरांचे पिंजलेले धागे लावलेलं जुनं शीड जहाजाच्या खालून ओढून त्या भोकावर बसवलं. पाणी आत यायचं कमी झालं, जहाज वाचलं. पोरीला हे सगळं तोंडपाठ आहे. मला म्हणाली, ‘बाबा, आपण लाकडाचं बनवू, खऱ्यासारखं, एकेक फळी लावून.’ सुताराच्या पोरीनं असं म्हटल्यावर मी नाही कसा म्हणणार? कापसाचे पैसे आले होते, त्यातून किट मागवलं. आकडा इथं लिहीत नाही, घरात अजून पूर्ण सांगितलेला नाही.

आधी तर डबा गावात येईना. मोबाईलवर तीन वेळा निरोप आला की डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक पत्त्यावर नव्हता. साफ खोटं! आमच्या घरी पाच माणसं, बाबा तर दिवसभर छपरीत बाजेवर बसलेले असतात. गावात कुत्रं शिरलं तरी त्यांना दिसतं. कोणी आलंच नव्हतं. फोन केला तर म्हणतात, तुमच्या गावात आमचा माणूस येत नाही, तालुक्याला येऊन घेऊन जा. मग ‘प्रयत्न केला’ असं लिहिता कशाला? सरळ लिहा ना की आम्ही येणार नाही! एक दिवसाचं काम बंद ठेवून एसटीनं गेलो आणि मांडीवर डबा घेऊन परत आलो.

उघडला. वर मोठ्या अक्षरात ‘संपूर्ण किट’. यादीत लिहिलंय, फळ्यांसाठी पहिल्या थराच्या पट्ट्या 60, दीड मिलिमीटर जाड, पाच मिलिमीटर रुंद. पोरगी मोजायला बसली. 52 निघाल्या. मी परत मोजल्या, 52. आठ कमी. त्या 52 पट्ट्यांतल्या 11 पट्ट्यांची रेषा तिरपी होती. लाकडाची रेषा पट्टीच्या लांबीनं सरळ गेली तर पट्टी वाकते. रेषा तिरपी बाहेर पडत असली तर तिथंच कडकन तुटते. हे कळायला पट्टी उजेडाकडे धरून नुसतं बघावं लागतं, एका पट्टीला एक सेकंद. पॅक करणाऱ्यानं तेवढाही वेळ दिला नाही. उरल्या 41. मला दोन्ही बाजू मिळून 44 लागतात.

विकणाऱ्याला कळवलं. तो म्हणतो, सर, डबा उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. मी डबा उघडत होतो, पोरगी शेजारी हात जोडून बसली होती, तेव्हा मी मोबाईल धरून शूटिंग करायचं होतं? व्हिडिओ नाही तर तक्रार नाही. म्हणजे माल कमी तुम्ही पाठवायचा आणि खरं बोलतोय हे सिद्ध मी करायचं. आमच्याकडे दाराची एक बिजागरी कमी निघाली तर गिऱ्हाईक नुसतं येऊन सांगतं आणि मी बिजागरी देतो. मी त्याच्याकडून व्हिडिओ मागितला तर पुढच्या बाजारात माझ्याशी कोणी बोलणार नाही.

बरं, पट्ट्यांचं मी करून घेतलं. घरात शिवण झाडाच्या लाकडाचा तुकडा होता, मशीनवर पट्ट्या काढल्या. सागवान का नाही, असं गावात चार जणांनी विचारलं. सागवान मोठ्या कामाला राजा आहे. 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ नावाचं जहाज आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. पण खऱ्यापेक्षा साठपट लहान केलेल्या जहाजावर सागवानाची मोठी छिद्रं आणि मोठी रेषा डोळ्यात खुपते, साठपट मोठं दिसतं ते. शिवण मऊ, बारीक, वाकायला चांगली. पण पाच मिलिमीटरच्या पट्ट्या दीड मिलिमीटर जाडीत काढायच्या म्हणजे पात्यात पट्टीपेक्षा जास्त लाकूड भुसा होऊन जातं. माझ्याकडे मशीन आहे म्हणून जमलं. ज्याच्याकडे नाही त्यानं ते अर्धवट जहाज कपाटावर टाकून द्यायचं?

पण माझा खरा राग पट्ट्यांचा नाही. राग त्या दोन शब्दांचा आहे.

सांगतो काय लपवलंय त्यात. जहाजाचा कणा, त्यावर आडव्या फासळ्या, त्यावर पट्ट्या. ‘एंडेव्हर’ कोळशाचं जहाज होतं, कोळसा पोटभर मावावा म्हणून त्याचं तोंड बोथट, गालफुगं आहे. पट्ट्या बसवायला ह्याच्यासारखं कठीण तोंड नाही. आता मधल्या फासळीवर वरच्या जाड पट्ट्यापासून कण्यापर्यंत कागदाची फीत लावून मोजा: 110 मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या पट्ट्या, म्हणजे 22. आता तोंडाशी तेच मोजा: 62 मिलिमीटर. पट्ट्या मात्र तिथंही 22 च आहेत! 62 भागिले 22, म्हणजे तिथं प्रत्येक पट्टी 2.8 मिलिमीटरच रुंद पाहिजे. म्हणून प्रत्येक पट्टी तोंडाकडे रंध्यानं निमुळती करायची असते. अर्ध्यापेक्षा कमी करायची नाही, नाहीतर टोकाला धरच राहत नाही. आणि मागच्या टोकाला उलटं. तिथं घेर वाढतो, 22 पट्ट्या पुरत नाहीत, फट पडते, त्या फटीत वेगळा निमुळता तुकडा घालावा लागतो.

आता हे लिहायला किती जागा लागली? एवढीच. एक चित्र आणि चार ओळी. पण कागदावर ते नाही. का नाही? पिंपासाठी जागा होती.

मी पहिल्यांदा काय केलं, जे कोणीही करील. पट्टी निमुळती न करता जशीच्या तशी लावली. पट्टी जाडीकडून मजेत वाकते, रुंदीकडून वाकत नाही. म्हणून तोंडाशी ती आपोआप वर सरकते, दुसरी तिच्यावर चढते, तिसरीची कड उभी राहते. सहा पट्ट्या बसल्यावर तोंड असं दिसायला लागलं की पोरगी काही बोलली नाही. ती काही बोलली नाही हेच मला लागलं. पितळी टाचण्यांनी ठोकून ठोकून बोटं सुजली होती, आणि ते सगळं काढून टाकायचं होतं.

बाबांनी बाजेवरून पाहिलं आणि विचारलं, ‘काऊन काढतं बे?’

मी म्हटलं, ‘बाबा, कागदावर सांगतलंच नाई की पट्टी बारीक करा लागते.’

‘मंग कागद कायले देल्ला?’

अगदी हेच माझं म्हणणं आहे. मग कागद कशाला दिला?

बाबा पोरांना बंडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवायला शिकवायचे तेव्हा आदल्या दिवसापासून बोलायला लागायचे. आऱ्याचं कुसू, म्हणजे टोक, तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, किती घट्ट हवं, लाकूड किती वाळलेलं हवं. धाव घेरानं चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर चढवायची, चढली की लगेच पाणी. ती आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. लहान म्हणजे किती लहान, हे ते बोटावर दाखवायचे. ‘किती लहान हे सांगतलं नाई, त पोट्टं चाक जाळून ठेवीन’ असं म्हणायचे. त्यांनी कधीच कोणाला ‘चाक बसव’ म्हणून सोडलं नाही. अडाणी माणूस, अंगठा लावतो, पण शिकवणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. आणि डब्यावर चार भाषांत छापणाऱ्यांना ठाऊक नाही!

पुढचा घाव हवामानाचा. मे महिना, बाहेर 45 अंश. रात्री कूलरच्या खोलीत काम करायचो, कारण दुसरीकडे बसणं शक्य नव्हतं. कूलर म्हणजे ओली हवा. पट्ट्या त्या हवेत आठ दिवस मोकळ्या ठेवल्या होत्या, त्या फुगलेल्या असतानाच मी एकमेकींना घट्ट चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन गेली ती रात्रीपर्यंत आली नाही. खोली भट्टी झाली. लाकूड लांबीत आकसत नाही म्हटलं तरी चालेल, पण रुंदीत आकसतं. रात्री पाहतो तर पट्ट्यांमध्ये नख जाईल एवढ्या फटी. मी घराचं दार करतो तेव्हा ह्याचा विचार करतो, दाराच्या चौकटीत फळीला हलायला जागा ठेवतो. इथं कागदावर विश्वास ठेवला. पट्ट्या कोरड्या जागी, रोजच्या हवेत ठेवा, कूलरसमोर किंवा उन्हात चिकटवू नका, एवढी एक ओळ तिथं पाहिजे होती. जगात सगळीकडे लंडनसारखी हवा असते असं ह्यांना वाटतं का? विदर्भात माणसं राहतात, त्यांनाही तुम्ही माल विकता, त्यांचे पैसे घेताना पिनकोड विचारत नाही. माल पोचवताना मात्र विचारता.

आणि गावातली मंडळी. समुद्र कुठं आणि तू कुठं, असं रोज एक तरी माणूस बोलून जातो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर आहे हे मला कोणी सांगायला नको. शाळेच्या नकाशातला आफ्रिका खंड पाहायला कोणी आफ्रिकेत राहायला जात नाही. माझी पोरगी गावात बसून जहाजाच्या एकेका दोराचं काम विचारते, कुठला दोर डोलकाठी धरून ठेवतो म्हणून डांबर लावून काळा, कुठला शीड ओढतो म्हणून फिका. हे ऐकून घ्यायला गावात दोन मिनिटं कोणाला नाहीत. टोमणा मारायला आहेत. जाऊ द्या, त्यांचं मी मनावर घेत नाही. त्यांनी माझ्याकडून पैसे घेतलेले नाहीत.

ज्यांनी घेतले त्यांना सांगतो. सगळ्या फळ्या मी काढल्या. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर ठेवून, पांढरा गोंद मऊ झाला की पातळ पात्यानं एकेक पट्टी उचलली. चार रात्री लागल्या. मग फासळ्यांच्या कडा तिरप्या घासल्या, पट्टी प्रत्येक फासळीवर पूर्ण टेकते का ते पाहत. हेही कागदावर नाही. पोरीनं वहीत प्रत्येक फासळीचा घेर लिहिला, भागाकार केले, प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीनं खुणा केल्या. पंचवीस मिनिटं पाण्यात भिजवून, तोंडाकडचा भाग गरम पाइपावर हळूहळू वळवून, तिथंच सुकवून मग चिकटवतो. एका दिवसात दोन पट्ट्या, डावीकडे एक, उजवीकडे एक, म्हणजे कणा एका बाजूला ओढला जात नाही. आणि काम पहाटे करतो, कूलर लावण्याआधी, हवा कोरडी असताना.

आता दोन्ही बाजूंना सात-सात बसल्यात. तोंडाशी बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. मागच्या टोकाचे तुकडे पोरीनं स्वतः कापले, दोन वाया गेले, तिसरा बसला. तिनं वहीच्या शेवटच्या पानावर सातव्या पायरीसाठी आमचा कागद लिहिला आहे, चित्रासकट. सहावीतल्या पोरीनं. एका पानात. तुमच्या अख्ख्या कारखान्याला जे जमलं नाही.

तो कागद मी विकणाऱ्याला पाठवला. फुकट. म्हटलं, छापा, डब्यात टाका, पुढच्या माणसाचा उन्हाळा वाचेल. उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’ मी अभिप्राय दिला नव्हता. मी तुमचं काम करून दिलं होतं.

आणि माझ्या आठ पट्ट्या अजून यायच्या आहेत. शिवणीच्या पट्ट्यांवर माझं जहाज होईल, त्याची मला चिंता नाही. पण पैसे मी 60 पट्ट्यांचे दिले आहेत. त्या आठ पट्ट्या पाठवा. तालुक्याला घ्यायला मी येतो, एसटीनं, परत एकदा.