दहा मिनिटांत डिंग बुजत नाही: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

पावसाळा तोंडावर आला आणि समुद्र खवळू लागला की गोव्याच्या किनाऱ्यावर सर्फर मंडळी बोर्ड आवरायला घेतात. हे बोर्ड आतून फोमचे असतात, आणि वर रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेल्या काचेच्या कापडाचा पातळ थर असतो. त्याच सुमारास एक सल्ला फोनवरून फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: छोटी डिंग, म्हणजे बोर्डाला चीर किंवा भोक, पडली तर दुरुस्तीवाल्याला पैसे देऊ नका. चीर केसाएवढी असेल तर वरून वॅक्स (पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावायचं मेण) घासा, पाणी आत जात नाही. भोक असेल तर बोर्ड दिवसभर कडक उन्हात ठेवा आणि फेविक्विक किंवा एम-सील भरा. त्याहून मोठं असेल तर होड्यांचं काम करणाऱ्या फायबरवाल्याकडून अर्धा किलो रेझिन आणा, हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) सढळ हाताने घाला, दहा मिनिटांत काम होतं.

घरी दुरुस्ती करा, एवढा भाग मला मनापासून मान्य आहे. पाच रुपयांच्या नाण्याएवढी डिंग कुणालाही घरी नीट बुजवता येते. आपल्याकडे चांगले बोर्ड बहुतेक बाहेरून येतात आणि महाग पडतात, त्यामुळे हे काम प्रत्येकाने शिकावं. पण बाकीच्या सल्ल्याने चांगले बोर्ड वाया जातात, आणि एका ठिकाणी तर माणसाच्या डोळ्यांवर बेतू शकतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

केसाएवढ्या चिरेतून पाणी जात नाही, हा पहिला. पाणी जातं, आणि नुसतं झिरपत नाही, आत ओढलं जातं. स्कूटरच्या रॅकवर तापलेल्या बोर्डाच्या आतली हवा फुगते आणि चिरेतून बाहेर पडते. मग तोच बोर्ड पाण्यात उतरतो, फोम गार होतो, हवा आकसते आणि तिच्या जागी समुद्राचं पाणी शिरतं. 50 अंशांवरून 27 अंशांवर आलेली हवा जवळजवळ 7 टक्के आकसते. पाण्यात उतरताना हे दर वेळी घडतं. वॅक्स ते थांबवू शकत नाही, कारण ते वरच्या थराला नुसतं टेकलेलं असतं आणि उन्हात मऊ होतं. शिवाय चिरेत बसलेलं वॅक्स पुढे रेझिनला धरू देत नाही.

चीर खरी आहे की नाही हे आधी ओळखावं. डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूवर, गुडघ्यांनी, टाचांनी पडलेले खळगे असतात. वरचा काचेचा थर फुटलेला नसेल तर त्यांना हात लावायची गरज नाही. नख फिरवून पाहा. नख अडकलं तर चिरेच्या बाजूला अंगठ्याने दाबा. थेंब किंवा बुडबुडा आला की चीर आतपर्यंत गेली आहे. तोंड लावून ओढून पाहण्याची जुनी रीतही चांगली आहे: खारट लागलं तर आत पाणी आहे.

दुसरा मुद्दा उन्हाचा. वाळवायला ऊन हवं, हे ऐकायला पटतं. पण बंद फोममधलं पाणी एका दिवसाच्या उन्हाने निघत नाही, आणि तापलेली हवा मात्र काचेचा थर फोमपासून उचलते. एकदा असा फुगवटा आला की तो छोटी डिंग राहत नाही. बोर्ड सावलीत, वाऱ्याच्या जागी, डिंग खाली येईल असा उभा करा. त्याआधी डिंग गोड्या पाण्याने धुवा. आत राहिलेलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात हवेत ओलावा भरपूर असतो. किती दिवस ठेवायचा हे अंदाजाने ठरवू नका. सामान तोलायच्या हुकाच्या काट्यावर बोर्ड टांगा, वजन लिहा, दोन दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की वाळला. थर्माकोलच्या फोमचा बोर्ड असेल तर याला काही आठवडेही लागतात, कारण पाणी मण्यांच्या मधल्या फटींतून दूरवर पसरतं. ओल्या फोमवर केलेली सर्वांत सुबक दुरुस्तीसुद्धा आतलं पाणी कोंडून ठेवते. माझ्या मते या सगळ्या सल्ल्यातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

फेविक्विक आणि एम-सील यांची गोष्ट थोडक्यात संपते. पहिलं ठिसूळ होतं, पोकळी भरत नाही आणि थर्माकोलचा फोम खातं. दुसरी एपॉक्सीची (एका प्रकारच्या रेझिनची) पुट्टी आहे. ती फोम खात नाही, प्रवासात अडलं तर दोन दिवस काम भागवते. पण तिच्यात कापड नसतं आणि ती बोर्डाबरोबर वाकत नाही, म्हणून कडेने पुन्हा चीर जाते. पाइपची गळती थांबवायला ती उत्तमच आहे.

आता फायबरवाल्याचं रेझिन. इथे थोडं थांबायला हवं.

होड्यांना वापरतात ते पॉलिस्टर रेझिन. त्यात स्टायरीन असतं, आणि स्टायरीनने थर्माकोल विरघळतो. जुन्या काळी हा प्रश्न फारसा येत नसे, कारण बहुतेक बोर्ड पॉलियुरेथेन फोमचे आणि पॉलिस्टरचेच असत. अमेरिकेत त्या फोमचा बहुतांश पुरवठा करणारी क्लार्क फोम कंपनी 5 डिसेंबर 2005 रोजी अचानक बंद झाली, आणि थर्माकोलचा फोम व एपॉक्सी या जोडीने बाजारात बरीच जागा घेतली. सल्ला मात्र जुन्या बोर्डांचाच फिरत राहिला. एपॉक्सीच्या बोर्डावर पॉलिस्टर ओतलं तर डिंगच्या जागी मुठीएवढी पोकळी तयार होऊ शकते. फोमपर्यंत पोचलं नाही तरी ते एपॉक्सीच्या थरावर नीट धरत नाही, काही दिवसांनी खपलीसारखं सुटतं.

आपला बोर्ड कुठला हे ओळखणं सोपं आहे. डिंगमधून फोमचा एक कण काढा, काचेच्या बशीत ठेवा आणि त्यावर ॲसिटोनचा थेंब टाका. कण विरघळून चिकट झाला तर थर्माकोल, जसाच्या तसा राहिला तर पॉलियुरेथेन. ही परीक्षा बशीतच करा, बोर्डावर नाही. शंका उरलीच तर एपॉक्सी वापरा, ते दोन्हींवर चालतं.

पॉलियुरेथेनच्या बोर्डाला फायबरवाल्याचं रेझिन चालेल, पण मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची जाड चादर) नको. होडीची मॅट दर चौरस मीटरला 300 किंवा 450 ग्रॅमची असते, बोर्डाचं विणलेलं कापड साधारण 135 ग्रॅमचं. मॅट रेझिन पिते आणि रेलवर, म्हणजे बोर्डाच्या कडेवर, ढेकूळ येतं.

आता डोळ्यांवर बेतणारी गोष्ट. दुकानात बरेचदा तीन बाटल्या मिळतात: रेझिन, जांभळट कोबाल्ट (रेझिन घट्ट व्हायला मदत करणारा) आणि पाण्यासारखा हार्डनर, म्हणजे एमईकेपी. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर घालायचा. दोन्हींसाठी एकच चमचा वापरू नका. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. चष्मा लावूनच काम करा, आणि थेंब गेलाच तर ताबडतोब किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धूत राहा व दवाखाना गाठा. फिरत्या सल्ल्यात यातलं एक अक्षरही नाही, याचा मला राग येतो.

हार्डनर सढळ हाताने घालणंही चूकच. पॉलिस्टरला रेझिनच्या 1 ते 2 टक्के पुरतो. जास्त झाला तर रेझिन तापतं, ठिसूळ होतं, तडकतं. एपॉक्सीत तर प्रमाण ठरलेलं असतं. डब्यावर लिहिलं असेल तेच मोजून घ्यावं लागतं. जास्त हार्डनरने ते लवकर वाळत नाही, उरलेला हार्डनर तसाच राहतो आणि जागा चिकट व मऊ राहते.

घाई असलेल्यांसाठी उन्हात घट्ट होणारं ट्यूबमधलं रेझिन मिळतं, ते खरोखरच काही मिनिटांत होतं. सावलीत लावा, पातळ थर द्या, मग उन्हात धरा. थर्माकोलच्या बोर्डासाठी त्याची एपॉक्सी जात वेगळी असते, ती पाहून घ्या.

बोर्ड वाळल्यावरचं काम एका संध्याकाळचं आहे. वॅक्स खरवडून पुसा, मगच घासा. उलट केलं तर वॅक्स ओरखड्यांत भरतं. सुटी काच काढा, डिंगभोवती दोन बोटं जागा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. खड्डा रेझिन आणि मायक्रोबलूनच्या (बारीक पोकळ गोळ्यांच्या हलक्या भुकटीच्या) लगद्याने भरा, वर कापडाचे दोन तुकडे, खालचा लहान, वरचा मोठा. काम दिवस कलल्यावर सुरू करा. फोम गार होत असताना हवा आत ओढली जाते, सकाळी तापत असताना ती बाहेर येते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे सोडते. दुसऱ्या दिवशी एपॉक्सीवर मेणचट साय दिसली तर साध्या पाण्याने धुऊन मग घासा: 120, 220, शेवटी पाण्याबरोबर 400. उघड्यावर काम केलं म्हणून मास्क नको, असं समजू नका. काचेच्या धुळीला धुळीचा मास्क लागतो आणि स्टायरीनच्या वासाला वाफ शोषणारी काडतुसं असलेला. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही.

फिनच्या (बोर्डाच्या तळाला बसवलेल्या परांच्या) खोबणीपाशी चीर असेल, मधली लाकडी पट्टी तुटली असेल किंवा डेक दाबल्यावर फोमपासून सुटलेली लागत असेल, तर ती घरची दुरुस्ती नव्हे. सर्फ स्कूलच्या मऊ बोर्डांचंही तसंच: त्यांच्या तळाच्या गुळगुळीत प्लास्टिकला एपॉक्सी धरतच नाही, ते उष्णतेने सांधावं लागतं. असा बोर्ड टेप लावून कोरडा ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.