फोटोतली पावलं

मूर स्ट्रीटवर भाजी-फळांच्या गाड्यांपाशी आमची गाईड थांबली आणि तिने पिशवीतून एका जुन्या फोटोची प्रत काढली. २९ एप्रिल १९१६, डब्लिन. इंग्रजी सत्तेविरुद्धच्या ईस्टर उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्स ब्रिटिश अधिकाऱ्यापुढे उभा आहे, शरण यायला. "खाली बघा," ती म्हणाली. पिअर्सच्या पायांमागे आणखी दोन पावलं दिसतात. ती एलिझाबेथ ओ'फॅरल या नर्सची. गोळीबार चालू असताना पांढरं निशाण घेऊन याच भागातून ती एकटी इंग्रजांच्या चौकीपर्यंत चालत गेली होती. पुढे काही ठिकाणी फोटो छापताना ही पावलंसुद्धा खोडून टाकली.

आयरिश स्त्रियांच्या इतिहासाचा हा पायी फेरफटका मी केला, त्याच आठवड्यात पुण्याच्या मावशीशी फोनवर भिडे वाड्याबद्दल बोलणं झालं होतं. सावित्रीबाई-जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती वास्तू वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत अडकली, पार मोडकळीला आली आणि २०२३ च्या डिसेंबरात पाडली गेली. आता तिथे राष्ट्रीय स्मारक. मावशी म्हणाली, "एकदाचं होऊ दे बाई, भव्य होऊ दे." व्हायलाच हवं. पण भव्य म्हटलं की मला धास्ती वाटते, आणि का ते डब्लिनच्या एका बाकड्यापाशी कळलं.

सेंट स्टीफन्स ग्रीन बागेत काउंटेस मार्किएविझचा पुतळा आहे. १९१६ ला ती याच बागेत बंदूक घेऊन लढली. तिथे आम्ही पाचच मिनिटं थांबलो. गाईड रेंगाळली ती मॅग्डेलीन लाँड्रीतल्या बायकांच्या आठवणीसाठी ठेवलेल्या बाकापाशी. लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथ, घरच्यांना नकोशा झालेल्या मुली नन्सच्या या धुलाईघरांत कोंडल्या जात. पगार नाही, बाहेर पडायची मुभा नाही. सरकारही तिथे धुणं पाठवायचं आणि मुलीही. स्वतंत्र आयर्लंडमध्ये, १९२२ नंतर, किमान दहा हजार जणी. शेवटची लाँड्री याच शहरात १९९६ ला बंद झाली. मी तेव्हा शाळेत होते. सरकारची माफी आली २०१३ मध्ये.

मग तिने आपल्या बेळगावच्या सविता हलप्पनवारचं नाव घेतलं. २०१२, गॉलवे. गर्भ वाचणार नाही हे कळूनही गर्भपात नाकारला, जंतुसंसर्ग झाला, ३१ व्या वर्षी गेली. २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी राज्यघटनेतली ती बंदी उठवली. "आम्ही तिला नाही म्हटलं," गाईड म्हणाली. कायद्याने, डॉक्टरांनी असं नाही. आम्ही. मला तिथे रडू आलं.

आपल्याकडे हा 'आम्ही' कुठे ऐकू येतो? सावित्रीबाईंवर शेण फेकलं हे आपण शाळेपासून सांगतो, पण फेकणारे कोण, तर 'सनातनी', जणू ते कुठल्या परक्या गावचे होते. ते आपलेच पणजोबा-खापरपणजोबा, माझे तर नक्कीच, कारण आम्ही सदाशिव पेठेतले. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि विधवांनी इथे येऊन गुपचूप, सुखरूप बाळंत व्हावं म्हणून भिंतींवर पत्रकं लावली. तसल्याच बायकांना आयर्लंड पुढे शंभराहून जास्त वर्षं कोंडत राहिलं! एका ब्राह्मण विधवेचा तिथे जन्मलेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच डॉक्टर यशवंत. पण ती पत्रकं लावायची वेळ ज्या वाड्यांनी आणली, त्या वाड्यांसमोर थांबवून कुणी मला हे कधी सांगितलं नाही.

आमच्या घरी माझ्या आजोबांची आत्या होती, नवव्या वर्षी विधवा झालेली, सोवळी. ऐंशी वर्षं जगली. घरात १९३० पासूनचे फोटो आहेत, सगळे ओसरीवर काढलेले. ती कशातच नाही. मी मावशीला विचारलं, तर म्हणाली, "अगं, फोटोवाला यायचा तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची."

डिसेंबरात पुण्याला येतेय. मावशीचे गुडघे दुखतात, तरी तिला म्हटलंय, भिडे वाड्यापासून फुले वाड्यापर्यंत आपण दोघी हळूहळू चालत जाऊ, आणि मधे आपल्या जुन्या वाड्याच्या जागेपाशी थांबू. आत्याचं नाव काय होतं, ते तिथे मला सांग.