वाळू वली हाय

परवा विश्रामबागला एका हॉलमध्ये उद्योजकांसाठी शिबिर होतं. पुतण्यानं परस्पर माझंही नाव घातलं, पैसेही त्यानंच भरले, मग जावं लागलं. वक्ते कॉलरला माइक लावून स्टेजवर येरझाऱ्या घालत होते. 'कधीही हार मानायची नाही' म्हणाले आणि उदाहरण दिलं लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. टाळ्यांचा कडकडाट. आता सांगलीत किर्लोस्करांचं नाव घेतल्यावर टाळ्या पडणारच, त्यात वक्त्याचं काय कौतुक?

पण मला तिथंच खटकलं. अहो, लक्ष्मणरावांनी हार मानली होती की! मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत हे कळलं, तर रंग सोडून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. पुढं व्हीजेटीआय या मुंबईच्या तांत्रिक संस्थेत शिकवायला लागले. हक्काची बढती दुसऱ्याला गेली, तशी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलींच्या दुकानात उतरले. आणि लोखंडी नांगर? लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी हात लावायला तयार नव्हते. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. तिथं मात्र गडी हलला नाही. रंग सोडले, नोकरी सोडली, नांगर नाही सोडला. माझ्या मते खरी अक्कल इथं आहे. पण शिबिरात निम्मीच गोष्ट सांगतात, कारण सोडून देण्यावर कोण टाळ्या वाजवणार?

आणखी एक गोष्ट वक्त्यांनी गाळली. बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेनं घेतली, तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली, वर दहा हजार रुपये कर्ज दिलं. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे पाठीशी एक राजा होता. एकट्याच्या जिद्दीवर कारखाना उभा राहिला असं सांगायला बरं वाटतं. माझ्या फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, कर्जाला सासऱ्यांचं दोन एकर रान तारण होतं. हे मी आजवर एकाही सत्काराच्या भाषणात बोललेलो नाही. (बायको ही पोस्ट वाचणार आहे, म्हणून आता सांगून टाकतो.)

नेतृत्वावर वक्ते तासभर बोलले. बसल्या बसल्या मला आमचे मामा आठवत होते.

मी डिप्लोमा करून, तीन वर्षं बाहेर नोकरी करून कुपवाड एमआयडीसीत छोटी फाउंड्री टाकली. पंपाची बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंग काढायची. मोल्डर म्हणून, म्हणजे रस ओतायचे वाळूचे साचे करायला, एक वयस्कर गृहस्थ मिळाले, शाळा चौथीपर्यंत, सगळे त्यांना मामा म्हणायचे. हाताला लै साफ. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला चार पोरांसमोर एका साच्याबद्दल टोकलं. मी म्हणालो, "मामा, ड्रॉइंग मला वाचता येतं, तुम्हाला नाही." ते मान हलवून कामाला लागले. मला वाटलं, बरा वचक बसला.

त्या पावसाळ्यात रिजेक्शन सुरू झालं. बाहेरून माल सोन्यासारखा, पण टर्नरनं लेथवर पहिला कट मारला की आत भोकं. आमच्याकडं त्याला ब्लो होल म्हणतात. आधी दहात एखादं, मग दहात चार. गिऱ्हाइकानं अख्खी गाडी परत पाठवली. मी पुस्तकं उघडली, मेटलचा रिपोर्ट काढला, कच्च्या मालाच्या व्यापाऱ्याशी भांडलो, भट्टीवाल्या पोराला झापलं. तीन आठवडे. कामगारांचा पगार द्यायला बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी वाळूच्या ढिगाजवळ बसलो होतो. मामा डबा घेऊन निघाले होते, ते थांबले. मी पहिल्यांदाच म्हणालो, "मामा, मला कळंना झालंय. तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी डबा खाली ठेवला. ढिगातली मूठभर वाळू घेऊन दाबली, मूठ उघडली. बोटांचे ठसे उमटलेला गोळा तसाच राहिला. मग तो गोळा मधोमध मोडला. कडा स्वच्छ तुटायला हवी, ती चिकटून लोंबली. तळहात ओला झाला होता, तो माझ्यासमोर धरला.

"वाळू वली हाय, सायेब. पत्रा गळतोय मागनं. रस वतला की आत वाफ कोंडती."

"कधीपासून माहीत आहे?"

"पैल्या पावसापास्नं."

"मग बोलला का नाही?"

"तुमी इचारलं कुठं?"

मागच्या बाजूचा एक पत्रा. गळती काढायला चारशे रुपये लागले. नुकसान किती झालं होतं ते इथं लिहीत नाही, पण त्या पाटल्या सोडवायला पावणेदोन वर्षं गेली.

शिबिरात वक्ते म्हणाले, लीडरनं टीमला सतत प्रेरणा द्यावी. माझ्या टीमला प्रेरणा नको होती हो, मालकानं तोंड बंद ठेवून दोन मिनिटं ऐकायला हवं होतं. कारखान्यात काय बिघडलंय हे सगळ्यात आधी खालच्या माणसाला कळतं आणि सगळ्यात शेवटी मालकाला. मधली गळती मालकाच्या जिभेनं केलेली असते. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. सकाळी आल्यावर आधी ऑफिसात नाही, मोल्डिंगला जायचं आणि विचारायचं, आज काय नडतंय? पहिले दोन महिने कुणी काही बोललं नाही. "काय नाय सायेब, बरं हाय." माझ्यावर विश्वास बसायला त्यांना वेळ लागला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरायचे, हे नव्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावं लागतं, त्याची अडचण ऐकावी लागते. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात त्यांची रयत शिक्षण संस्था निघाली, तिच्यामागं ही पायपीट नसेल असं मला वाटत नाही. हा माझा अंदाज, पण मी तो सोडणार नाही. लोकांच्या घरात शिरणारा सेल्समन एमबीएवाल्यापेक्षा जास्त शिकतो. आमच्या धंद्यात मी हे वीस वर्षं बघतोय.

आता पुतण्या. त्याला फाउंड्रीत यायचंय. शिबिरातून परतताना गाडीत विचारत होता, "काका, मी डायरेक्ट मार्केटिंग बघू का? तुमची वेबसाइट फार जुनी आहे." वेबसाइट जुनी आहे हे खरं आहे. ती त्यानं बघावीच. पण सोमवारी तो पांढरे बूट घालून आला, तेव्हा मी त्याला मोल्डिंगला धाडलं. मामा आता नाहीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेला पोरगा आज तिथला मुकादम आहे.

दुपारी मी डोकावलो. मुकादम पुतण्याच्या मुठीत वाळू देत होता. पुतण्यानं दाबली, उघडली, भुगा खाली पडला.

"कोरडी आहे?" त्यानं माझ्याकडं बघून विचारलं.

मी म्हणालो, "मला काय विचारतोस? त्यांना विचार."