पात्याला पाणी देताना

माझा एक मित्र बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर होता. नोकरी सोडल्यावर त्याची झोप उडाली. दार आपटलं तरी दचकायचा, घरात कुणाशी धड बोलायचा नाही. मी हौसेने सुऱ्या घडवतो हे त्याला ठाऊक होतं. एका रविवारी आला, म्हणाला, "नुसता बघत बसतो." तिसऱ्या रविवारी त्याने माझ्याकडे हातोडा मागितला.

त्याच्यामागून आणखी काही जण आले. दोघे माजी सैनिक, एक अग्निशमन दलातला. मला सगळे एकच विचारतात, "अशा लोकांच्या हातात सुरी?" प्रश्न चुकीचा नाही. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळताहेत त्याची जागा आत्ता डॉक्टरांकडे आहे, माझ्या भट्टीपाशी नाही. हे मी येणाऱ्याशी आधीच स्पष्ट बोलतो. पण बाकीच्यांना नुसत्या शंकेने दूर ठेवणं मला पटत नाही. आयुष्यभर इतरांचा जीव ज्यांच्या हाती होता, त्यांच्याकडे आपण आता संशयाने बघायचं?

या कामात नेमकं काय आहे, ते मला पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं तेलात बुडवून कडक करताना कळलं. कार्बन पोलादाचं पातं तापवत न्यायचं. साधारण ७७० अंश सेल्सिअसला त्याला लोहचुंबक धरेनासं होतं. त्याहून थोडं वर, ८१५ च्या आसपास नेलं की बाहेर काढून सरळ कोमट तेलात. या पोलादाला त्या क्षणी एखाद्या सेकंदाचीच सवलत असते. रेंगाळलात तर पातं कडक होत नाही. कधी तेलातून बारीक 'टिंग' ऐकू येतं, म्हणजे तडा गेला, पातं संपलं. जमलं तर कानस फिरवून बघायची. चावली तर पोलाद नरम, काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी बसलं. मग २०० अंशांवर दोन दोन तास दोनदा भाजायचं, म्हणजे ठिसूळपणा कमी होतो.

मित्राचं शरीर त्या एका सेकंदासाठीच तयार झालेलं आहे. वर्षानुवर्षं तेच केलंय त्याने. घरी बसल्यावर त्या तयारीचं करायचं काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इथे ती कामी येते, आणि चुकलं तर कुणी मरत नाही. त्याचं दुसरं पातं तडकलं तेव्हा मी धास्तावून त्याच्याकडे पाहिलं. त्याने तुकडा उचलला, तुटलेल्या कडेला दिसणारे पोलादाचे दाणे निरखले आणि म्हणाला, "जास्त तापलं होतं." नवीन पट्टी घेतली. त्याच दिवशी हात पुसता पुसता तो बोलला, "रुग्णालयाच्या दारात माणूस सोपवला की पुढे त्याचं काय झालं, ते आम्हाला बहुतेक वेळा कळतच नाही." एवढंच. मी काही विचारलं नाही. ऐरणीपाशी दोघं शेजारी उभे असतो, नजर कामावर असते. डोळ्यांत डोळे घालून जे बोलवत नाही ते तिथे निघतं.

हा शोध माझा नाही. युद्धाच्या धक्क्याने सैनिकांच्या मनावर होणाऱ्या परिणामाला 'शेल शॉक' म्हणत; हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात १९१५ साली आला, आणि त्या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या रुग्णालयांत सुतारकाम, टोपल्या विणणं हेही उपचारांत होतं. 'पीटीएसडी' (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार) हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत यायला १९८० साल उजाडलं. म्हणजे आजाराला आजचं नाव मिळण्याच्या कितीतरी आधी लोकांनी हाताला काम दिलं होतं. पण काम म्हणजे उपचार नव्हे. माझा मित्र समुपदेशकाकडे जातो, गोळ्याही घेतो. कृपा करून कुणालाही "औषधं सोड, हातोडा धर" असं सांगू नका.

तुमच्याकडे भट्टी असेल आणि असा कुणी ओळखीत असेल, तर त्याला बोलवा. आधी कानांना संरक्षण द्या. स्वतःच्या हाताने घातलेला घाव त्याला चालतो, पाठीमागून अचानक आलेला आवाज नाही. म्हणून शेजारच्याला सांगितल्याशिवाय ग्राइंडर कधीही सुरू करू नका.