भाडं लग्झरीचं, वागणूक कोंडवाड्याची

मे महिन्यात जळगावात भरदुपारी एसी बंद ठेवायचा आणि बाहेर पाटीवर 'लग्झरी गर्ल्स हॉस्टेल' लिहायचं, ही सरळसरळ फसवणूक आहे. पारा 44-45 ला टेकलेला असतो, खोलीची पश्चिमेची बाजू पूर्ण काचेची, आणि रिमोट हातात असून एसी सुरू होत नाही, कारण खाली ऑफिसातून विजेचा खटका (एमसीबी) पाडून ठेवलेला असतो. एसीची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. रविवारीसुद्धा तीच. आठवडाभर राबून आलेल्या मुलीनं सुट्टीच्या दुपारी पडायचं कुठे? आमच्या हॉस्टेलमध्ये मुली जिन्यात चादर टाकून झोपतात, कारण अख्ख्या इमारतीत तेवढीच जागा काचेविना आहे.

खानदेशात काचेची इमारत बांधायची बुद्धी होते कशी, हेच मला कळत नाही. आमच्याकडे अजून धाब्याची घरं उभी आहेत. हातभर जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, लहान खिडक्या. माझ्या आजीचं घर तसंच आहे. दुपारी एक वाजता आत पाऊल टाकलं की तळपायाला गारवा लागतो. इथे ऊन काचेतून आत येतं, आतच कोंडतं आणि रात्री अकरापर्यंत गादी तापलेली राहते. जाहिरातीतले फोटो मात्र छान येतात. त्या फोटोंसाठी भट्टी केलेली खोली थंड करायचा खर्च पुन्हा आमच्याच माथी. एसीला वेगळं मीटर, युनिटला 16 रुपये. महावितरणचं बिल दाखवा म्हटलं तर मॅनेजर म्हणतो, "मॅडम, कमर्शियल कनेक्शन आहे, तुम्हाला नाही कळणार." मी अकाउंट्समध्ये नोकरी करते. दिवसभर बिलंच बघते. मला चांगलं कळतं, म्हणून तर दाखवत नाहीत.

बरं, एसी नाही तर नाही, कूलर लावू द्या. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडलं की खोली खरोखर गार होते. भुसावळपासून शिरपूरपर्यंत घरोघरी उन्हाळा कूलरवरच निघतो. पण इथे कूलरला बंदी. कारण काय, तर खिडकीत कूलर दिसला की इमारतीचा लूक जातो. आमच्या घामापेक्षा, डोकेदुखीपेक्षा, उन्हानं उलट्या होऊन रूमवर पडलेल्या मुलीपेक्षा यांना लूक महत्त्वाचा.

मग राहतेस कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. त्याचंही उत्तर देते, कारण हॉस्टेलचा फायदा नाही असं मी म्हणत नाही. जळगावात एकट्या मुलीनं भाड्यानं खोली शोधून बघावी. आधी आडनाव विचारतात, मग समाज, मग नॉनव्हेज खाता का, मग लग्न कधी. एका काकूंनी तर वडिलांना फोन लावायला सांगितला आणि त्यांच्याशी पक्की खात्री झाल्यावर मला नकार दिला. हॉस्टेलमध्ये यातलं काही नाही. आधार कार्ड, ऑफिसचं पत्र, डिपॉझिट, संपलं. माझ्या खोलीत नंदुरबारची एक मुलगी आहे, शेजारच्या खोलीत मुक्ताईनगरची आणि बुलडाण्याची. कोण कुठल्या समाजाची हे कोणी विचारलेलं नाही. ताप आला तर रात्री दोन वाजता डोक्यावर पट्ट्या ठेवायला माणूस असतं. गेटवर वॉचमन आहे, कॅमेरे आहेत, लाइट गेली की जनरेटर लागतो, बाथरूम खोलीतच आहे, आणि ऑफिसहून आल्यावर स्टोव्हसमोर उभं राहावं लागत नाही. माझ्या घरच्यांनी मला गावाबाहेर नोकरीला पाठवलं ते याच गेटच्या आणि कॅमेऱ्याच्या भरवशावर. हे मी विसरत नाही. माझ्यासारख्या कित्येक मुलींना हॉस्टेल नसतं तर बारावीनंतर किंवा डिग्रीनंतर घरीच बसावं लागलं असतं.

आणि आमची हीच गरज मालकांना पाठ आहे. जातील कुठे, याची त्यांना खात्री आहे.

सरकारची एक योजना आहे, नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची. 1972-73 पासून आहे, आता तिला सखी निवास म्हणतात. त्या योजनेच्या नियमांत भाड्याला मर्यादा घातलेली आहे: एकटीची खोली असेल तर एकूण पगाराच्या 15 टक्के, दोघींची असेल तर 10 टक्के, डॉर्मिटरीला साडेसात टक्के, याहून जास्त घ्यायचं नाही. नोकरदार आईच्या मुलांसाठी पाळणाघराचीही सोय त्यात धरलेली आहे. माझा पगार 24,000. दोघींच्या खोलीसाठी या हिशोबानं 2,400 रुपये होतात. मी भाडं भरते 9,500, म्हणजे जवळपास 40 टक्के, आणि एसीचं मीटर वेगळं. माझ्या ओळखीची एकही मुलगी असल्या सरकारी वसतिगृहात राहत नाही. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 साली जळगावला आलं, तेव्हापासून धुळे-नंदुरबारच्या मुली इकडे शिकायला येतायत, शिकून इथेच नोकरीला लागतायत. एवढ्या वर्षांत त्यांच्या राहण्याची सोय कोणी मनावर घेतली नाही, म्हणून ज्याच्याकडे प्लॉट आहे तो लग्झरीची पाटी लावून बसला आहे.

आता जीएसटीचं ऐका. माझ्या दर महिन्याच्या बिलात भाड्यावर 12 टक्के जीएसटी लावलेला आहे. 2023 मध्ये हॉस्टेलच्या भाड्यावर 12 टक्के लागतो असे निर्णय काही राज्यांत आले होते, खरं आहे. पण जून 2024 मध्ये जीएसटी परिषदेच्या 53 व्या बैठकीत ठरलं, आणि 15 जुलै 2024 पासून नियम लागूही झाला, की माणशी महिन्याला 20,000 पर्यंतचं भाडं असेल आणि राहणं सलग किमान 90 दिवसांचं असेल, तर जीएसटी नाही. माझं भाडं त्याच्या निम्म्याहून कमी आहे आणि मी इथे वर्षापेक्षा जास्त काळ राहते आहे. तरी 1,140 रुपये दर महिन्याला घेतात! पावती मागितली तर साध्या कागदावर शिक्का. जीएसटी नंबर कुठेच नाही. मग हे पैसे सरकारकडे जातात की मालकाच्या खिशात? मी मॅनेजरला मोबाईलवर नियम काढून दाखवला. तो म्हणाला, "सगळ्याच मुली देतात." देतात, कारण सांगितलं जात नाही. बाजूच्या खोलीतल्या मुलीचे वडील रावेरकडे दुसऱ्याच्या केळीत राबतात, त्यांच्याकडून घेतलेले हे पैसे आहेत.

केळीचंच निघालं म्हणून मेसचं सांगते. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी. रावेर-यावलची केळी ट्रक भरभरून दिल्लीकडे जाते, आणि आमच्या नाश्त्याला 'फ्रूट बाउल' म्हणून अर्ध्या केळाच्या चकत्या येतात. हिवाळ्यात गावोगावी तुरकाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, शेतात भरीत पार्ट्या होतात, आणि आम्ही एक दिवस भरीत आणि कळण्याची भाकरी द्या म्हटलं तर स्पेशल थाळी, 150 रुपये जास्तीचे. रोज काय मिळतं? त्याच लाल ग्रेव्हीत सोमवारी पनीर, मंगळवारी मटार, बुधवारी कोबी. पोळी थंड झाली की वातड. शेवभाजी दोन वेळा झाली, तर शेव आधीच टाकून ठेवलेली, पार लगदा. खानदेशात शेव वाढताना टाकतात हे ज्या आचाऱ्याला ठाऊक नाही त्याला ठेवलाच कशाला? पाणी बोअरचं आणि इतकं जड की आंघोळीनंतर केस तारेसारखे होतात. प्यायच्या आरओला सर्व्हिसिंगची चिठ्ठी चिकटवलेली आहे, त्यावरची तारीख कधीच उलटून गेली आहे.

आणि घरी गेलं तरी मेसचे पैसे कापून मिळत नाहीत. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी घरी जाते. आमच्याकडे त्या सणाला लेक माहेरी नसली तर आईला घास उतरत नाही. झोके बांधलेले असतात, गौराई असते, सांजोऱ्या असतात. आठ दिवस मी इथलं पाणीसुद्धा पीत नाही, तरी बिल पूर्ण महिन्याचं. दिवाळीला तेच.

हे सगळं मी गिळलं असतं. आईच्या बाबतीत जे झालं ते नाही गिळता येत.

माझी आई अमळनेरकडून एसटीनं आली होती. उन्हाळी कामं झाली होती, म्हणून बिबडे, कुरडया आणि कैरीचं लोणचं घेऊन. दोन पिशव्या, डोक्यावर पदर, बाहेर रणरणतं ऊन. मी ऑफिसात. तिला गेटवरून आत घेतलं, पण लॉबीतल्या सोफ्यावर बसू दिलं नाही. वॉचमनच्या खुर्चीजवळ बाकावर बसवलं. का, तर सोफा 'व्हिजिटिंग पॅरेंट्स'साठी, आणि त्यासाठी ऑनलाइन पास काढावा लागतो. तिच्याकडे साधा बटणाचा फोन आहे. ती पास कुठून काढणार? मी धावत आले तेव्हा तिनं विचारलं, "काबरं वं, आठे बठाले बी परवानगी लागस का?" (का गं, इथे बसायलाही परवानगी लागते का?) पाण्याचा ग्लास कोणी दिला नव्हता. मी तिला खोलीत नेते म्हटलं तर वॉर्डन मॅडम म्हणाल्या, "वर अलाउड नाही, आणि रात्री थांबायचं असेल तर गेस्ट चार्ज 500." माझ्या आईनं माझी गादी बघितली नाही, मी कुठे झोपते ते बघितलं नाही. पिशव्या माझ्या हातात देऊन ती परतीच्या एसटीला निघून गेली.

सुरक्षेसाठी नियम हवेत. पुरुषांना वर सोडू नका, नोंद करा, आधार बघा, माझी काहीच तक्रार नाही. पण जन्मदात्या आईला बाकावर बसवण्यात कोणाची सुरक्षा झाली? आणि त्याच लॉबीत ॲडमिशनच्या सीझनला नव्या मुलींच्या आईवडिलांना सरबत देतात, सोफ्यावर बसवतात, सॅम्पल रूम दाखवतात. पैसे भरले की तेच आईवडील परके होतात.

मी आणि आणखी काही मुलींनी लेखी अर्ज दिला आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी एसी किंवा कूलर. घरी गेलो तर मेसचे पैसे कापा. बाईमाणूस भेटायला आलं तर नोंद करून खोलीपर्यंत येऊ द्या. विजेचं मूळ बिल नोटीस बोर्डवर लावा. मालकानं अर्ज वाचून फक्त एवढं म्हटलं की जमत नसेल तर दुसरीकडे बघा, एक महिन्याची नोटीस द्या, डिपॉझिटमधून पेंटिंगचे 5,000 कापले जातील. भिंतीला मी एक खिळासुद्धा ठोकलेला नाही.

मी दुसरीकडे बघणार नाही. आधी मला जीएसटी नंबर असलेली पावती हवी, मी राहायला आल्यापासूनच्या प्रत्येक महिन्याची. ती नसेल तर त्या नावाखाली घेतलेला पैसा परत हवा. पुढच्या महिन्याचे 9,500 मी तयार ठेवले आहेत, वरचे 1,140 देणार नाही.